माग्डेबुर्गची सातवी डिव्हिजन

नोव्हेंबर 1806 मध्ये एल्बे नदीकाठचा माग्डेबुर्गचा किल्ला फ्रेंच मार्शल नेय याच्या हवाली झाला. प्रशियाच्या सर्वांत भक्कम किल्ल्यांपैकी तो एक. आत वीस हजारांवर शिबंदी होती आणि बाहेर वेढा घालून बसलेली फौज तिच्याहून लहान होती. तरीही किल्लेदार क्लाइस्टने खरी झुंज न देताच दरवाजे उघडले. येना आणि आउअरस्टेटच्या रणांगणांवर प्रशियाचं सैन्य मोडलं, त्याला तेव्हा चार आठवडेही झाले नव्हते. पुढच्याच वर्षी टिल्झिटच्या तहात माग्डेबुर्ग प्रशियाच्या हातून गेलं आणि नेपोलियनच्या भावासाठी उभारलेल्या वेस्टफालियाच्या राज्यात सामील झालं.

3 जुलै 1866 रोजी याच शहराच्या नावाच्या, प्रशियाच्या सातव्या डिव्हिजनच्या रेजिमेंट्स बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रदेशातल्या) एका छोट्या जंगलात ऑस्ट्रियाच्या तिप्पट फौजेपुढे सकाळभर टिकून राहिल्या. त्या दिवसाच्या शौर्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्या आधीच्या साठ वर्षांतली बांधणी जास्त बोलकी वाटते. ही माणसं कुठून आली, एकत्र कशी आली आणि एकमेकांना कशी ओळखत होती, हे समजलं की त्या जंगलातली सकाळ उलगडायला लागते.

मुळात 'डिव्हिजन' ही प्रशियाची कल्पना नव्हे. पायदळ, घोडदळ आणि तोफा एका सेनापतीच्या हाताखाली कायमच्या बांधायच्या, म्हणजे तो एकटा निघाला तरी दिवसभर लढू शकेल, ही रीत फ्रेंचांनी क्रांतीच्या युद्धांत रुजवली. प्रशियाने 1806 मध्ये ती घाईघाईने उचलली, तीही युद्ध तोंडावर आलेलं असताना. सेनापतींना आपल्या डिव्हिजनची नीट ओळख होण्याआधीच येनाची लढाई झाली. पुढे शार्नहोर्स्ट, ग्नाइझेनाउ आणि बॉयेन यांनी सैन्य नव्याने बांधायला घेतलं. 1808 च्या कराराने फ्रान्सने त्यांना 42,000 सैनिकांची मर्यादा घातली होती. तेवढ्या सैन्यातही त्यांनी पायदळ, घोडदळ आणि तोफखाना यांच्या मिश्र ब्रिगेड तयार केल्या. 3 सप्टेंबर 1814 रोजी बॉयेनचा सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा आला: तीन वर्षं पलटणीत, दोन वर्षं राखीव दलात आणि त्यानंतर लांडवेअर या नागरी सैन्यात.

व्हिएन्नाच्या काँग्रेसमध्ये सॅक्सनीच्या राजाला नेपोलियनची साथ महागात पडली. त्याच्या राज्याचा मोठा तुकडा प्रशियाने घेतला. हा तुकडा आणि परत मिळालेला माग्डेबुर्गचा मुलूख जोडून 'सॅक्सनी प्रांत' तयार झाला. नोव्हेंबर 1816 मध्ये माग्डेबुर्गला एक ब्रिगेड उभी राहिली आणि 5 सप्टेंबर 1818 पासून तिला सातवी डिव्हिजन म्हणू लागले. पुढे ती चौथ्या कोअरचा, म्हणजे एकाहून अधिक डिव्हिजन मिळून बनलेल्या दलाचा, भाग झाली आणि शतकभर तिथेच राहिली.

प्रशियात कोअर ही युद्धापुरती जमवलेली रचना नव्हती. प्रत्येक कोअरला भरतीचा आपला प्रदेश होता. गार्ड्स कोअर सबंध राज्यातून निवडून माणसं घेई, बाकीचे आपल्या जिल्ह्यांतून. सातव्या डिव्हिजनच्या वाट्याला माग्डेबुर्ग, हालबरश्टाट, हार्त्स डोंगराच्या पायथ्याची गावं आणि आल्टमार्कचा सपाट शेतीचा पट्टा आला. मुलगा विसाव्या वर्षी जवळच्या छावणीत दाखल व्हायचा, तीन वर्षांनी आपल्या गावी परतायचा आणि राखीव सैनिक म्हणून त्याच रेजिमेंटच्या यादीत राहायचा. युद्धाचा हुकूम सुटला की घरून छावणीपर्यंतची वाट एका दिवसाची असे. ज्याच्याबरोबर कवायत केली, त्याच्याच शेजारी तो पुन्हा उभा राहायचा. जमवाजमव वेगाने व्हायची ती यामुळे. रांगेतली माणसं सहजासहजी का पांगत नसत, याचं एक कारणही मला यातच दिसतं: पळून गावाकडेच जायचं, आणि तिथे सगळं कळणार.

पण 1850 च्या दशकापर्यंत ही व्यवस्था सैलावली होती. लोकसंख्या 1 कोटी 10 लाखांवरून 1 कोटी 80 लाखांच्या घरात गेली, तरी वर्षाची भरती 40,000 वरच अडकली होती. युद्धमंत्री रोनने ती 63,000 वर नेली, लांडवेअरला मागच्या फळीत ढकललं आणि नव्या रेजिमेंट्स उभ्या केल्या. खर्चावरून विधिमंडळ आणि राजा यांच्यात जी तेढ पडली, तिच्यातूनच सप्टेंबर 1862 मध्ये बिस्मार्क मुख्यमंत्री झाला. सातव्या डिव्हिजनपुरता या सुधारणेचा परिणाम साधा होता. जुन्या 26व्या आणि 27व्या रेजिमेंटच्या जोडीला 1860 मध्ये 66वी आणि 67वी आली. चारही रेजिमेंट्स 'माग्डेबुर्गी', पहिली ते चौथी. 13व्या ब्रिगेडमध्ये 26वी आणि 66वी, 14व्या ब्रिगेडमध्ये 27वी आणि 67वी. म्हणजे पायदळाच्या 12 बटालियन, सोबत माग्डेबुर्गचे 10वे हुसार, म्हणजे हलकं घोडदळ, आणि तोफखाना. ज्या नव्या पलटणींवरून राजकारण पेटलं, त्यांतल्या दोन इथेच होत्या, आणि सहा वर्षांनी त्या जंगलात निम्मा भार त्यांनीच उचलला.

1866 च्या उन्हाळ्यात डिव्हिजनचा सेनापती होता एडुआर्ड फॉन फ्रान्सेकी, वय 58. प्रिन्स फ्रीडरिश कार्लच्या पहिल्या आर्मीबरोबर ती बोहेमियात उतरली. 28 जूनला म्युन्शेनग्रेट्झजवळ तिने मुस्कीबर्गची टेकडी चढून घेतली आणि पाच दिवसांनी ती क्योनिगग्रेट्झ या किल्ल्याच्या गावासमोर पोहोचली.

ऑस्ट्रियाचा सेनापती बेनेडेक बिस्ट्रित्झ नदीच्या पलीकडच्या टेकड्यांवर फौज मांडून बसला होता. प्रशियाच्या दोन आर्म्या पश्चिमेकडून भिडल्या होत्या. प्रशियाच्या युवराजाची दुसरी आर्मी उत्तरेकडून यायची होती, पण ती अजून काही तासांच्या वाटेवर होती आणि रस्ते पावसाने चिखलले होते. तोवर ऑस्ट्रियन फौजेला गुंतवून ठेवणं भाग होतं. फ्रान्सेकी पहिल्या आर्मीच्या डाव्या टोकाला, म्हणजे युवराज येणार त्या बाजूला होता. सकाळी बेनाटेक गाव घेऊन त्याची माणसं मागच्या चढावरच्या जंगलात शिरली. जर्मन त्याला स्विपवाल्ड म्हणत, चेक लोक स्वीब म्हणतात.

जंगल लहान, पण आत दाट झाडी, उतार आणि ओहोळ. बटालियनची ओळ आत शिरताच मोडायची आणि कंपनीकंपनीची, मग मूठभर माणसांची लढाई व्हायची. अशा जागी बांधणीची कसोटी लागते. प्रशियाच्या पायदळाला कंपनीच्या छोट्या स्तंभांत लढायची सवय होती. कॅप्टनला वरून हुकूम मिळेना तर तो समोर दिसेल ते काम करी. हाती ड्रायझेची 'सुई बंदूक' होती, जिच्यात काडतूस मागून भरायचं. त्यामुळे शिपाई झाडाआड पडून राहून बार भरू शकत होता. ऑस्ट्रियन शिपायाची लॉरेंझ बंदूक लांब पल्ल्याची आणि नेमकी होती, पण ती नळीच्या तोंडातून भरायची, म्हणजे उभं राहायचं. शिवाय त्यांच्या पलटणींना संगिनी रोखून दाट रांगांनी तुटून पडायचं शिक्षण दिलेलं होतं. झाडांमधून येणाऱ्या अशा रांगा पन्नास-साठ पावलांवर गोळीबारात सापडत. तेवढ्या अंतरावर लॉरेंझच्या लांब पल्ल्याचा काहीच उपयोग नव्हता.

तरी सारं श्रेय बंदुकीला देणं मला पटत नाही. ऑस्ट्रियाच्या चौथ्या आणि दुसऱ्या कोअरनी एकामागून एक ब्रिगेड त्या जंगलात घातली. वेगवेगळ्या हल्ल्यांत मिळून चाळीसहून अधिक बटालियन आल्या. फ्रान्सेकीकडे शेजारच्या आठव्या डिव्हिजनने पाठवलेल्या दोन धरून 14. त्याची माणसं मागे रेटली गेली, जंगलाचा मोठा भाग हातचा गेला, पण उत्तरेची कड सुटली नाही. तुटलेल्या कंपन्यांचे उरलेले शिपाई जवळ दिसेल त्या अधिकाऱ्याभोवती गोळा होत होते, मग तो 26व्याचा असो की 67व्याचा. एकाच मुलखाचे आणि एकाच बोलीचे असल्याने ते जमलं असावं, हा माझा अंदाज. प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याने या बाजूला जादा फौज पाठवू दिली नाही. फ्रान्सेकी टिकेल असा त्याला भरवसा होता.

या जंगलाची खरी किंमत दुसरीकडेच चुकती झाली. ऑस्ट्रियाच्या या दोन कोअरची नेमणूक उत्तरेकडून येणाऱ्या युवराजाची वाट अडवायला होती. स्विपवाल्डच्या ओढीने त्या पश्चिमेला सरकल्या आणि उत्तरेची फळी विरळ झाली. चौथ्या कोअरचा सेनापती फेस्टेटिक्स जखमी झाला, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या मोलिनारीने हल्ले थांबवले नाहीत, उलट आणखी जोर लावला. दुपारच्या सुमारास बेनेडेकने दोन्ही कोअर मागे बोलावल्या खऱ्या, पण दमलेल्या ब्रिगेडी जागेवर परतत असतानाच प्रशियाचे गार्ड्स पोहोचले आणि ऑस्ट्रियन मांडणीच्या मधोमध असलेलं क्लुम गाव त्यांनी घेतलं. संध्याकाळपर्यंत ऑस्ट्रिया आणि सॅक्सनीचे मिळून सुमारे 44,000 जण मृत, जखमी, बेपत्ता वा कैद झाले होते. प्रशियाचे सुमारे 9,000, आणि त्यांत दोन हजारांवर एकट्या सातव्या डिव्हिजनचे. भरती एका मुलखातून, म्हणजे दुखवटाही त्याच मुलखात. हालबरश्टाटसारख्या गावाला त्या आठवड्यात याद्या येऊ लागल्या असतील तेव्हा काय वाटलं असेल, याचा विचार केल्याशिवाय मला हा आकडा लिहिता येत नाही.

1870 चं फ्रान्सविरुद्धचं युद्ध या डिव्हिजनसाठी तुलनेने सोपं गेलं. सेनापती आता श्वार्त्सहोफ होता, ज्याने स्विपवाल्डमध्ये 13वी ब्रिगेड चालवली होती. 30 ऑगस्टला बोमाँजवळ चौथ्या कोअरने फ्रेंचांच्या पाचव्या कोअरला भरदुपारी छावणीत गाठलं. फ्रेंच सैनिक जेवणाच्या तयारीत होते आणि पुरेसे पहारेही लावलेले नव्हते. त्यानंतर सेदान आणि मग पॅरिसचा वेढा.

पुढच्या चाळीस शांत वर्षांत नावं आणि गावं यांची फारकत सुरू झाली. 67वी रेजिमेंट नाव माग्डेबुर्गचंच ठेवून नव्याने मिळालेल्या लोरेनमध्ये, मेट्झला गेली. तिच्या जागी अखेर आली 1897 मध्ये उभी राहिलेली 165वी. ती नावाने हानोवरची आणि छावणीने क्वेडलिनबुर्गची. 1903 ते 1911 या काळात चौथ्या कोअरचा प्रमुख म्हणून माग्डेबुर्गला राहत होता पाउल फॉन हिंडेनबुर्ग. क्योनिगग्रेट्झला तो गार्ड्समधला तरुण लेफ्टनंट होता.

ऑगस्ट 1914 मध्ये डिव्हिजनचे पहिल्याच आठवड्यात दोन भाग झाले. बेल्जियमच्या लिएजचे किल्ले झटक्यात घ्यायचे म्हणून सहा ब्रिगेडी राखीव सैनिकांची वाट न पाहता, शांतताकाळच्या अपुऱ्या बळानिशी सीमेपार पाठवल्या गेल्या. त्यांत सातव्या डिव्हिजनची 14वी ब्रिगेड होती. माणसं गावाहून येण्याआधीच पलटणी निघून गेल्या, आणि शंभर वर्षांची रीत पहिल्याच रात्री मोडली. 5 ऑगस्टच्या रात्री अंधारात रेतिन गावाजवळ ब्रिगेडचा प्रमुख फॉन वुसोव मारला गेला. दुसऱ्या आर्मीच्या मुख्यालयातून आलेला एक अधिकारी सोबत चालत होता. त्याने ब्रिगेड हाती घेतली आणि किल्ल्यांच्या मधून वाट काढून ती शहरासमोरच्या टेकड्यांवर नेली. बाकी ब्रिगेडी मागे रेटल्या गेल्या होत्या. 7 ऑगस्टला शहर आणि त्याचा जुना बालेकिल्ला पडला. तो अधिकारी एरिश लुडेनडॉर्फ. याच कामगिरीने त्याचं नाव देशभर झालं.

उरलेली डिव्हिजन क्लुकच्या पहिल्या आर्मीतून दौडत निघाली. 26 ऑगस्टला ल कातो इथे ब्रिटिशांशी लढली आणि सप्टेंबरमध्ये मार्न नदीवरून उलट फिरून ऊर्क नदीकडे अतोनात पायपीट करत आली. मग खंदकांचं युद्ध सुरू झालं आणि बर्लिनला मोठ्या डिव्हिजन परवडेनात. चार रेजिमेंट्सऐवजी तीन, असं धोरण आलं. 1915 मध्ये 66वी काढून नव्या 52व्या डिव्हिजनला दिली. तिथे तिच्या शेजारी बाडेनच्या दोन पलटणी होत्या. पुढच्या वर्षी 27वीही गेली. स्विपवाल्डमधल्या चारांपैकी आता एकटी 26वी उरली.

14 जुलै 1916 ची सकाळ फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर सातव्या डिव्हिजनला अशीच धावपळीत गाठून गेली. ब्रिटिशांनी पहाटे बाझाँताँ ते लाँगेवाल ही फळी फोडली होती. चौथ्या कोअरच्या सिक्स्ट फॉन आर्मिनने त्याच सकाळी या भागाची सूत्रं घेतली होती, आणि बदलीसाठी वाटेवर असलेल्या सातव्या डिव्हिजनला त्याने खिंडार बुजवायला लावलं. त्याच संध्याकाळी हाय वुडशेजारच्या उभ्या पिकांतून ब्रिटिशांच्या सिकंदराबाद ब्रिगेडचे डेक्कन हॉर्सचे स्वार भाले घेऊन दौडत गेले. याच ब्रिगेडमध्ये पूना हॉर्सही होती. दख्खनची ही नावं हार्त्सच्या पायथ्याच्या गावांच्या इतक्या जवळ कधी येतील, हे 1866 मध्ये कुणाच्या मनातही आलं नसतं.

7 जून 1917 रोजी बेल्जियममधल्या मेसीनच्या टेकडीखाली ब्रिटिशांचे 19 सुरुंग उडाले, तेव्हा सातवी प्रतिहल्ल्यासाठी मागे राखलेल्या दोन डिव्हिजनपैकी एक होती. ती पुढे पोहोचेपर्यंत टेकडी गेलेली होती.

युद्ध हरल्यावर 1919 मध्ये डिव्हिजन मोडली. माणसं मात्र लगेच पांगली नाहीत. 66व्या रेजिमेंटचा एक राखीव अधिकारी, सोमवर डावा हात गमावलेला फ्रान्झ झेल्डटे, याने डिसेंबर 1918 मध्ये माग्डेबुर्गातच आघाडीवरून परतलेल्या सैनिकांची संघटना काढली आणि तिला नाव दिलं 'श्टालहेल्म', पोलादी शिरस्त्राण. काही वर्षांत तिचे सभासद लाखांत मोजले जाऊ लागले. जानेवारी 1933 मध्ये हिटलरचं पहिलं मंत्रिमंडळ बनलं, तेव्हा मजूरमंत्री म्हणून त्यात झेल्डटे बसला. त्याला मंत्री नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचं नाव होतं पाउल फॉन हिंडेनबुर्ग.