जुनी गाडी उन्हाळ्यात गरम होते तेव्हा : पाणी ओतण्याआधी वाचावे

होळी झाली आणि उन्हे तापू लागली की आमच्या गॅरेजमध्ये एक प्रश्न दिवसातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. ‘काटा वर चढतो, पण पाणी घातले की उतरतो. मग रोज सकाळी बाटलीभर पाणी घालत राहिलो तर चालेल ना?’ चालणार नाही, हेच त्याचे उत्तर आहे. ते का चालणार नाही, हे सकाळच्या गर्दीत, मागे दुसरे ग्राहक खोळंबलेले असताना नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका, सुरुवातीची वॅगन आर अशा गाड्या ज्यांनी मायेने जपल्या आहेत, आणि १५ वर्षे उलटल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून जे त्या आजही ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर रोज चालवतात, त्यांच्यासाठी ते विशेषकरून आहे.

इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते, ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. पेट्रोल जळते म्हणून संपते. रेडिएटरमधले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा रंगीत द्रव, संपण्यासाठी नसतेच. वॉटर पंप ते इंजिनाच्या पोटातून फिरवतो, तापलेले कूलंट रेडिएटरमध्ये येऊन वाऱ्यावर निवते आणि तेच पुन्हा इंजिनात जाते. तापून फुगलेले जास्तीचे कूलंट शेजारच्या बाटलीत जाते आणि गाडी निवल्यावर तेथून परत ओढले जाते. वर्षभरात बाटलीतली पातळी बोटभर उतरली, तर काळजीचे कारण नाही. आठवड्याला लिटरभर लागत असेल, तर ते कोठून तरी बाहेर जात आहे. कधी होज पाइपला चीर गेलेली असते, कधी क्लिप सैल असते, कधी वॉटर पंपाचे सील गेलेले असते, कधी रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जाळीला जोडलेल्या सांध्यातून झिरपते. डॅशबोर्डखालची हीटरची जाळी फुटली असेल, तर पायाखालचे मॅट ओले राहते आणि गाडीत गोडसर वास येतो. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गेली असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये उतरते आणि पांढऱ्या वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जाते. खाली जमिनीवर एक थेंबही दिसत नाही.

आता ज्या चुकीमुळे आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ जातो, तिच्याविषयी. कूलंट जेथून झिरपते तेथे सुकल्यावर रंगीत पापुद्रा मागे ठेवते. हिरव्या कूलंटचा पापुद्रा हिरवट-पांढरा असतो, लाल कूलंटचा गुलाबी. कारागीर टॉर्च घेऊन वाकतो, पापुद्र्याचा माग काढत वर जातो आणि बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत गळतीच्या जागेवर बोट ठेवतो. महिनोन्महिने साधे पाणी घालत राहिले की हा मागच पुसला जातो, कारण तापलेल्या इंजिनावर पाण्याची वाफ होते आणि रंग मागे राहत नाही. त्यात भर म्हणजे, गाडी रिकामी नेऊ नये अशा चांगल्या हेतूने अनेक ग्राहक आमच्या फाटकाशी थांबून रेडिएटर आणि बाटली काठोकाठ भरतात, त्यामुळे पातळी किती दिवसांत किती उतरली हेही आम्हाला कळत नाही. मग इंजिन पूर्ण निवू द्यावे लागते, रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यावा लागतो आणि दाबाचा काटा उतरतो का, हे पाहत बसावे लागते. काही गळत्या गाडी थंड असतानाच दिसतात, तर काही तापल्यावरच उघडतात, म्हणून हे सर्व दोनदा करावे लागते. अर्ध्या तासाचे काम अशा प्रकारे दिवसावर जाते.

गेल्या उन्हाळ्यात कळव्याहून एक निवृत्त शिक्षक त्यांची जुनी झेन घेऊन आले होते. सात-आठ महिने त्यांनी सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी न चुकता, रोज सकाळी पूजा आटोपल्यावर रेडिएटरमध्ये घातले होते. झाकण उघडले तेव्हा आतले पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस होते. वॉटर पंप काढून टेबलावर ठेवला, तर त्याच्या पात्या गंजून अर्ध्याअधिक झिजल्या होत्या आणि एका पातीची कड नखाने दाबताच बिस्किटासारखी तुटून हातात आली. रेडिएटरच्या खालच्या नळ्या गाळाने बसल्या होत्या. मूळ गळती निघाली वरच्या होजच्या क्लिपची; पहिल्याच महिन्यात स्क्रूड्रायव्हरचे दोन पिळ दिले असते, तर ती थांबली असती. गुरुजींनी गाडीची हेळसांड केली असे कोणी म्हणणार नाही, उलट त्यांनी ती फार काळजीने सांभाळली होती. पाणी कमी होणे हाच बिघाड असतो, एवढे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या परवानगीने तो पंप आम्ही काउंटरवर ठेवला आहे. ग्राहकांनी तो जरूर हातात घेऊन पाहावा.

‘ठाण्यात कुठे बर्फ पडतो, मग कूलंट हवे कशाला?’ असेही विचारले जाते, आणि प्रश्न रास्त आहे. निव्वळ उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा थोडे सरसच असते, हे आम्ही मान्य करतो. परंतु आपल्या हवेत कूलंटचे काम गोठणे रोखणे हे नाही. त्यातील गंजरोधक द्रव्ये लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या भागांचे रक्षण करतात, आणि त्यातील ग्लायकॉलमुळे मिश्रण उशिरा उकळते. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. ते झाकण आतला दाब किती वाढू देते हे तो सांगतो. ०.९च्या झाकणाखाली साधे पाणी सुमारे ११८ अंशांना उकळते, तर निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण १२५च्या आसपास. कापूरबावडीच्या सिग्नलला, मे महिन्याच्या दुपारी, एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीला हे थोडेसे अंतरच तारते. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यातील क्षार इंजिनाच्या आत थर धरतात, आणि त्या थरामुळे धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, त्यामुळे कोणी घरी कूलंट काढले, तर ते सोसायटीच्या आवारात ओतू नये. कुत्री-मांजरे चाटतात आणि दगावतात.

कूलंटच्या रंगावरून त्याचा प्रकार ठरत नाही, कारण प्रत्येक कंपनी आपापला रंग वापरते, आणि न जुळणारे दोन प्रकार एकत्र आले तर आत चिकट साका होऊ शकतो. म्हणून आत काय आहे हे माहीत नसलेल्या गाडीत आम्ही वरून भर घालत नाही. जुने सगळे काढतो, यंत्रणा धुतो, नवे भरतो, हवा काढतो आणि तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवतो. आम्हाला कूलंट खपवायचे आहे, असे कोणाला वाटू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचा सीलबंद कॅन आपण स्वतः आणला तरी आम्ही तोच भरू आणि मजुरी तेवढीच घेऊ. कॅन तयार मिश्रणाचा आहे की पाणी मिसळायचा, हे घेताना वाचावे. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालू नये.

गाडी कधी गरम होते, हे आपण नीट सांगितले तर निम्मे निदान तेथेच होते. तीन हात नाक्याला उभी असताना काटा चढतो आणि गाडीने वेग घेतला की उतरतो, असे असेल तर दोष बहुधा पंख्याचा, त्याच्या स्विचचा, रिलेचा किंवा फ्यूजचा असतो, कारण वेगात असताना वारा आपोआप मिळतो आणि उभ्या गाडीत सगळी मदार पंख्यावर असते. गर्दीत ठीक, पण गायमुखच्या चढाला किंवा नाशिकला जाताना कसारा घाटात काटा चढतो, असे असेल तर रेडिएटर आतून चोक झाल्याचा किंवा पंप कमजोर झाल्याचा संशय घ्यावा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापत असेल, तर थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व) बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी असते. सकाळी थंड इंजिनावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर झाकणातली परतीची झडप अडकली आहे, आणि झाकण बदलणे हे या सगळ्यातले सर्वांत स्वस्त काम आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली सायीसारखा पांढुरका थर दिसला आणि सोबत पाणीही कमी होत असेल, तर मात्र गाडी चालवत आणू नये, टो करून आणावी.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, म्हणजे गाडी तापणार नाही,’ असा आग्रह अनेकजण धरतात, आणि आम्ही नकार दिला की नाराज होतात. हा छोटा वॉल्व बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो आणि तोवर इंजिनाला लवकर तापू देतो. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर तो आडवाट बंद करण्याचेही काम करतो, त्यामुळे तो नसला तर कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तापलेला तसाच परत जातो. शिवाय चोक झालेला रेडिएटर हिवाळाभर लपून राहतो आणि मे महिन्यात, कुटुंब गाडीत असताना, घाटात उघडा पडतो. वॉल्व चांगला आहे की नाही, हे आम्ही ग्राहकासमोर तपासतो. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने आत सोडतो, शेजारी थर्मामीटर धरतो आणि शेगडी लावतो. चांगला वॉल्व आपल्या अंशाला डोळ्यांदेखत उघडतो. जो उघडत नाही, तो आम्ही बदलतो.

वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करावा, काचा उतरवाव्यात आणि हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात लावावा. उकाडा असह्य होईल, परंतु हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तेवढी उष्णता इंजिनातून कमी होते. काटा लाल रेषेला टेकला, तर ‘दोन किलोमीटरच राहिले आहेत’ असा विचार मनात आणू नये. ॲल्युमिनियमचे हेड अशा दोन किलोमीटरांत वाकते, आणि मग हेड उतरवून फेसिंग करणे (म्हणजे ते घासून सपाट करणे), नवी गॅस्केट घालणे हा खर्च टळत नाही. गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, वाफ ओसरली की बॉनेट उघडावे आणि निदान पाऊण तास थांबावे. त्याआधी झाकणाला हात लावू नये. दाब सुटला की आतले पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर उसळते, आणि हात, मान, चेहरा भाजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नये, कारण त्याने हेडला तडा जातो. लाल रेषेवरचा काटा अचानक खाली आला, तरी निश्चिंत होऊ नये. पाणी पूर्ण निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि कमी तापमान दाखवतो, आणि इंजिन जाम होण्याआधीची ती शेवटची खूण असू शकते.

गाडी निवल्यावर गॅरेज गाठण्यापुरते स्वच्छ पाणी घालण्यास आमची हरकत नाही. अडचणीत पिण्याच्या पाण्याची बाटलीही चालते. पण ती अडचणीपुरतीच.

गरम होणारी गाडी आम्ही किमान अर्धा दिवस ठेवून घेतो, ही तक्रार आम्हाला ठाऊक आहे. शेजारी तासाभरात देतात, असेही ऐकवले जाते. त्या अर्ध्या दिवसातला बराच वेळ इंजिन निवण्यात जातो आणि तो कोणालाही कमी करता येत नाही. म्हणून शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी, म्हणजे सकाळी पहिल्याच कारागिराला ती थंड मिळेल. मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी न येता आठवडाभर आधी यावे. उन्हाळी तपासणीत झाकण, होज, बेल्ट, पंखा, दाबचाचणी आणि कूलंट हे सर्व पाहिले जाते, दर काउंटरजवळच्या फलकावर लिहिलेले आहेत, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग ग्राहकाला परत दिला जातो. येताना बाटली भरून आणू नये, आहे त्या पातळीवर तशीच आणावी. वाटेत पाणी घालावे लागले असेल, तर किती घातले आणि कोठे घातले, हे एका चिठ्ठीवर लिहून ती स्टेअरिंगला लावावी.