नोकरी सांभाळून मेडिकलची पूर्वतयारी : पहिल्या सेमेस्टरच्या नावनोंदणीआधी वाचावे

न्यू जर्सीत पूर्णवेळ नोकरी करून पदवीनंतर मेडिकल स्कूलची तयारी करू इच्छिणारे जे ग्राहक सल्ल्यासाठी आमच्याकडे येतात, त्यांना कोणते कोर्स लागतात हे बहुधा ठाऊक असते : जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोलॉजी आणि फिजिक्स हे प्रत्येकी एक वर्ष लॅबसह, आणि जोडीला बायोकेमिस्ट्री. चूक होते ती क्रमात. लवकर उरकावे म्हणून पहिल्याच सेमेस्टरला केमिस्ट्री, बायोलॉजी आणि फिजिक्स एकदम घेतले जातात आणि मिडटर्मचे गुण हाती आल्यावर आमची भेट मागितली जाते. तोवर सल्ल्याला फारसा वाव उरलेला नसतो.

या घाईने वेळही वाचत नाही. जनरल केमिस्ट्रीचे दोन्ही भाग झाल्याशिवाय सहसा ऑरगॅनिकला प्रवेश नसतो आणि बायोकेमिस्ट्रीआधी ऑरगॅनिक लागते. त्यामुळे उन्हाळी सत्र न घेता केमिस्ट्रीलाच चार-पाच सेमेस्टर लागतात, आणि बायोलॉजी व फिजिक्स त्याच काळात सहज सामावतात. ब्रिन मॉर या कॉलेजसारख्या ठिकाणी हे सारे वर्षभरात होते खरे, पण तो पूर्णवेळ अभ्यासक्रम असून नोकरी सोडू शकणाऱ्यांसाठीच आहे.

'ग्रेड बिघडला तर कोर्स पुन्हा घेऊ' हा विचार त्याहून महाग पडतो. कॉलेज कदाचित जुना ग्रेड आपल्या हिशेबातून वगळेल. परंतु एमडीचे (अमेरिकेत ही डॉक्टर होण्याची पहिलीच पदवी) बहुतेक अर्ज ज्या 'ॲमकास' या सामायिक अर्जसेवेमार्फत जातात, तेथे दोन्ही प्रयत्न मोजले जातात, शिवाय विज्ञान आणि गणिताचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढला जातो. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डीओ या डॉक्टर होण्याच्या दुसऱ्या पदवीच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे. ती सवलतही २०१७ मध्ये बंद झाली. अर्ध्यावर सोडलेल्या कोर्सचा 'डब्ल्यू' (विथड्रॉल) हा शेरा जीपीएत धरला जात नाही, पण ट्रान्सक्रिप्टवर दिसतो. एखादा खपून जातो. तीन-चार असले की विचारणा होते.

म्हणूनच पहिल्या सेमेस्टरला आम्ही जनरल केमिस्ट्री आणि तिची लॅब एवढ्यावरच आग्रहाने थांबवतो. हा सल्ला काहींना भित्रेपणाचा वाटतो, तर काहींना त्यात आमचा फायदा दिसतो. त्यांच्यासाठी सांगणे असे की आमचे शुल्क सेमेस्टरवर अवलंबून नसून संपूर्ण आराखड्यासाठी एकदाच घेतले जाते. संध्याकाळची लॅब कोठे मिळते, शिफारसपत्र देतील असे प्राध्यापक कसे जोडावेत आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा बायोकेमिस्ट्रीनंतर केव्हा द्यावी, हे सारे त्याच शुल्कात येते.

भारतातून पदवी घेऊन आलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेथील गुण ॲमकासच्या जीपीएत येत नाहीत आणि बहुतेक मेडिकल स्कूलना हे कोर्स अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले हवे असतात. ग्रीन कार्ड वा नागरिकत्व नसेल, तर अनेक ठिकाणी अर्जच स्वीकारला जात नाही. त्यामुळे फी भरण्यापूर्वी एवढी चौकशी करावीच.

पहिली भेट विनामूल्य आहे. येताना आजवरच्या प्रत्येक कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट आणि आपल्या आठवड्यातील कामाच्या खऱ्या वेळा लिहून आणाव्यात, आणि नावनोंदणीची तारीख उलटण्याआधी यावे. आधीच तीन कोर्स घेतले असतील, तर निदान फी परत मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी दूरध्वनी करावा.