दुहेरी शंकूचा पेच

3 ऑक्टोबर 1967 रोजी एक्स-15 हे अमेरिकी रॉकेट विमान मॅक 6.7 पर्यंत, म्हणजे ध्वनीच्या 6.7 पट वेगापर्यंत, पोहोचले, तेव्हा पोटाखाली टांगलेल्या डमी रॅमजेट इंजिनाच्या शॉकने (ध्वनीहून वेगवान प्रवाहात उठणाऱ्या, दाब आणि तापमान एकदम चढवणाऱ्या लाटेने) ते टांगणाऱ्या पायलनला, म्हणजे वरच्या आधाराला, भोके पाडली. शॉक पृष्ठभागाला भिडतो तिथे उष्णता किती चढते, हा प्रश्न त्यानंतर पुस्तकी राहिला नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला साधी लॅमिनार (थर न विस्कटता वाहणाऱ्या प्रवाहाची) उदाहरणे संगणकावर सुटू लागली. टर्ब्युलन्सच्या, म्हणजे खळबळत्या प्रवाहाच्या, मॉडेलांनी मात्र विलगनाचा (प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो त्या भागाचा) आकार पुढेही वारंवार चुकवला.

म्हणूनच 2000 च्या सुमारास संगणकी गणनांच्या कसोटीसाठी मुद्दाम लॅमिनार प्रवाह निवडला गेला, आणि ती निवड अचूक होती: चूक निघाली तर टर्ब्युलन्सकडे बोट दाखवायला जागाच नव्हती. 25 अंशांच्या शंकूला जोडून 55 अंशांचा शंकू, शॉक टनेलमध्ये (शॉकने तापवलेला वायू नोझलमधून, म्हणजे रुंदावत जाणाऱ्या नळीतून, क्षणभर सोडणाऱ्या बोगद्यात) नायट्रोजन. पुढच्या शंकूचा तिरपा शॉक मागच्या शंकूपुढच्या जोरकस शॉकला छेदतो. तिथून निघालेला शॉक पृष्ठभागावर आदळतो, दाब वाढतो, आणि दोन शंकूंच्या सांध्यापाशी बाउंडरी लेअर, म्हणजे पृष्ठभागालगतचा प्रवाहाचा पातळ थर, सुटते. सुटलेला भाग जरा लांबला की छेदनबिंदूही सरकतो. मोजमापे झाकून ठेवून आधी गणिते मागवली गेली.

ग्रिड (गणिताच्या बिंदूंची जाळी) विरळ असेल किंवा स्कीम (गणनेची पद्धत) फार डिसिपेटिव्ह, म्हणजे तीव्र बदल पुसट करणारी, असेल, तर विलगन आखूड निघत होते. गणना स्थिरावण्याआधी थांबवली तरी तेच. हे दोष अपेक्षितच होते. कोडे वेगळे होते. पुढच्या शंकूवर विलगन नाही, गुंतागुंत नाही, तरीही तिथली उष्णता चांगल्या कोडमध्येही (गणनेच्या प्रोग्राममध्येही) मोजमापापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त येत होती. संशय कोडवर गेला. वास्तविक गडबड टनेलसाठी दिलेल्या आकड्यांत होती. नोझलमध्ये वायू इतक्या झपाट्याने प्रसरण पावतो की रेणूंच्या कंपनांतली ऊर्जा गोठून राहते आणि प्रवाहाच्या वेगात उतरत नाही. ती स्थिती समतोलाची धरली गेली होती. नोझलचे गणित नव्याने केले आणि ही गोठलेली ऊर्जा पृष्ठभागाला पुरती मिळत नाही हेही धरले, तेव्हा तफावत बरीच मिटली. प्रयोग म्हणजे अंतिम सत्य, ही सवय इथे मोडायला हवी होती. ती पुरती मोडली नाही.

पुढे एक्स्पान्शन टनेल हा वेगळ्या प्रकारचा बोगदा आला. त्यात वायू आधी थांबवून तापवावा लागत नाही, त्यामुळे गोठलेल्या ऊर्जेची अडचण बरीच टळते. तरीही उच्च ऊर्जेच्या हवेत याच दुहेरी शंकूवरचे विलगन गणिताशी नीट जुळलेले नाही. ऑक्सिजनचे विघटन आणि कंपने यांची सांगड मॉडेलमध्ये कशी घालायची, यावर वाद आहे. प्रवाह खरोखर स्थिर आणि अक्षाभोवती सममित असतो का, हा प्रश्नही अलीकडच्या त्रिमितीय गणनांनी उभा केला आहे.