घरदुरुस्तीतून घडलेले महिला बचत गट (लातूर-धाराशिव)

१९९३ च्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत घरदुरुस्तीसाठी संघटित झालेल्या ग्रामीण महिलांनी पुढे चालवलेली बचत गटांची चळवळ. एरवी बचत गट आधी बनतो आणि मग त्याला काम सापडते. इथे काम आधी आले. या गटांचे वेगळेपण त्यातच आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या काही तासांत, किल्लारी परिसर हादरला. हजारो माणसे झोपेतच दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचा जड थर असलेले माळवद (सपाट छत) ही इथली जुनी बांधणी. उन्हाळ्यात घर गार राहते, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पण भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नसल्याने हादऱ्याने ते सुटले आणि माळवदाचे ओझे माणसांवर आले.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसन कार्यक्रम आखला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्याखेरीज सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनीच करायचे होते. अनुदान हप्त्यांनी मिळे. लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली आणि गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. कागदावरच उरलेली महिला मंडळे त्यांनी जागी केली. माळवदावरची माती कमी केली का, भिंतीत आरपार दगड बसवले का, कोपरे बांधून घेतले का, हे त्या घरोघर जाऊन पाहत आणि शेजारणींना समजावत. इंजिनिअर व गवंड्यांशी त्या थेट बोलू लागल्या. ज्या घरात दिवसभर वावरायचे त्याच्या बांधकामात बाईचे मत विचारात घेतले जाणे, ही त्या भागात मोठीच गोष्ट होती.

कार्यक्रम आटोपल्यावर मंडळे विखुरली नाहीत, बचतीकडे वळली. पद्धत सर्वत्र असते तीच: १० ते २० जणी, दरमहा ठरलेली रक्कम, बैठकीत सर्वांदेखत मोजणी, वहीत नोंद, आणि जमलेल्या पैशातून आपसात कर्ज. कुणाला किती व कशासाठी द्यायचे, याचा ठराव गटच करतो. दवाखाना, पेरणी, मुलांची फी यांसाठी सावकाराचे दार टळले. नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली होती, त्यामुळे नियमित गटांना तारणाविना कर्ज मिळण्याची वाट आधीच खुली झाली होती. त्यातून शेळ्या, कोंबड्या, किराणा दुकान, पिठाची गिरणी असे उद्योग उभे राहिले. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर इथल्या महिला आपला अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या.

मालकीचा प्रश्न मात्र कष्टाने सुटत नाही. घर उभे करणारीचे नाव ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या नोंदवहीत) बहुधा नसे. ‘घर दोघांचे’ या शासकीय मोहिमेने पतीसोबत पत्नीचे नाव लावण्यास चालना दिली. पंतप्रधान आवास योजनेतही घर महिलेच्या किंवा दोघांच्या नावे देण्यावर भर आहे.

शेतीत हाच प्रश्न ‘एक एकर’ पद्धतीने हाताळला गेला. महिला कुटुंबाकडून अर्धा-एक एकर कसायला मागून घेतात आणि तिथे सोयाबीन किंवा उसाऐवजी डाळी, ज्वारी, भाजीपाला कमी पाण्यावर व घरच्या खतावर पिकवतात. दुष्काळी वर्षांतही घरच्यापुरते धान्य त्यातून निघावे, हा त्यामागचा हिशोब. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.