सेल्फ-होस्टेड सर्व्हरचं मॉनिटरिंग

स्वतःच्या घरात, ऑफिसात किंवा भाड्याच्या व्हीपीएसवर (कंपनीच्या मोठ्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा स्वतंत्र तुकडा) जो सर्व्हर आपण स्वतः चालवतो, त्याचे सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्कचे आकडे ठरावीक वेळाने गोळा करून साठवायचे, त्यांचे ग्राफ बघायचे आणि काही बिघडलं तर फोनवर मेसेज यावा अशी सोय करायची, याला परफॉर्मन्स मॉनिटरिंग म्हणतात. तयार क्लाउड सर्व्हिस घेतली तर हे काम दुसरं कुणीतरी करत असतं, इथे ते आपल्याच गळ्यात. जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउड (फाइल्स), जेलीफिन (सिनेमे), इमिच (फोटो) टाकून बसलेल्या बहुतेकांना, "अरे, फोटो उघडत नाहीयेत" अशी घरातून हाक आली की मगच याची आठवण होते. आणि तेव्हा उशीर झालेला असतो, कारण आजचा आकडा विचित्र आहे का हे कळायला एरवीचा आकडा माहीत असावा लागतो.

या टूल्सच्या दोन जुन्या वाटा आहेत. टोबियास ओटिकरने १९९५ च्या सुमारास आणलेलं एमआरटीजी राउटरमधून किती ट्रॅफिक गेलं त्याचे ग्राफ काढायचं, त्यातूनच १९९९ मध्ये आरआरडीटूल निघालं, ज्याची फाइल कधी वाढतच नाही, जुना डेटा सरासरी करून दाबत जायचा. दुसरी वाट नॅगिऑसची, तेही १९९९ चंच, तेव्हा नाव नेटसेंट होतं. त्याचा मुख्य प्रश्न "चालू आहे का बंद?" एवढाच. आज घरगुती सर्व्हरवर आकडे साठवणारं प्रॉमिथियस आणि त्यांचे ग्राफ काढणारं ग्राफाना ही जोडी सर्रास दिसते. प्रॉमिथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालं, बनवणारे आधी गूगलमध्ये होते आणि तिथल्या बोर्गमॉन या मॉनिटरिंग टूलवरून त्यांना ही कल्पना सुचली. २०१६ मध्ये कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसच्या पाठोपाठ ते सीएनसीएफ या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेत गेलं. ग्राफाना २०१४ चं, किबाना या दुसऱ्या डॅशबोर्ड टूलच्या कोडमधून फुटून निघालेलं.

मांडणी तशी सोपी आहे. सर्व्हरवर नोड एक्सपोर्टर नावाचा छोटा प्रोग्रॅम ९१०० पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचा नंबर दिलेला नेटवर्क दरवाजा) बसतो आणि लिनक्स कर्नलकडचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडचे, आकडे साध्या टेक्स्टच्या पानावर मांडतो, ब्राउझरमध्ये उघडून आपणही वाचू शकतो. प्रॉमिथियस दर १५ सेकंदांनी वगैरे ते पान ओढून आणतो आणि साठवतो, म्हणजे सर्व्हर आकडे पाठवत नाही, प्रॉमिथियस मागायला येतो. त्यामुळे पान मिळालंच नाही तर तीही एक बातमीच असते. ग्राफाना ३००० पोर्टवर, त्यात १८६० नंबरचा तयार डॅशबोर्ड इम्पोर्ट केला की दहा मिनिटांत सगळे ग्राफ समोर. जागा किती लागेल याची भीती उगाच असते. एका सर्व्हरच्या १००० सिरीज (सिरीज म्हणजे सतत नोंदला जाणारा एकेक आकडा) धरल्या तर १५ सेकंदांच्या हिशोबाने दिवसाला ५७ लाख ६० हजार नोंदी होतात, एका नोंदीला साधारण १ ते २ बाइट, म्हणजे रोजचे ६ ते १२ एमबी. प्रॉमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो, तो वर्षभराचा करून टाकावा, मागच्या मे महिन्याशी तुलना तरी करता येते. एवढा खटाटोप नको असेल तर नेटडेटा एका कमांडमध्ये बसतं आणि दर सेकंदाचे आकडे दाखवतं.

एक खड्डा मात्र सगळ्यांच्या वाटेत येतो. डॉकरने (अॅप्स वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं टूल) उघडलेले पोर्ट लिनक्सच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला बगल देऊन जातात, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं बंद आहे आणि नोड एक्सपोर्टरचं पान व्हीपीएसवरून जगाला दिसत असतं, त्याला मुळात पासवर्डही नसतो. पोर्ट लोकलहोस्टलाच, म्हणजे फक्त त्याच मशीनला, बांधायचे, बाहेरून बघायचं असेल तर वायरगार्ड या व्हीपीएनमधून. ग्राफानाचा अॅडमिन-अॅडमिन पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलायचा.

आकडे मिळणं सोपं, वाचणं अवघड. लोड अॅव्हरेज घ्या: १, ५ आणि १५ मिनिटांचे तीन आकडे. चार कोअरच्या मशीनवर ४ म्हणजे फुल्ल, असं सगळीकडे सांगतात, पण लिनक्स त्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतो. म्हणून स्वस्तातली यूएसबी डिस्क रखडली की लोड १२ वर आणि सीपीयू मात्र निवांत, आणि माणूस उगाच नवीन प्रोसेसरच्या किमती बघायला लागतो. अशा वेळी आयओवेट (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) बघावं, किंवा कर्नल ४.२० पासून आलेले प्रेशरचे आकडे, त्यात कामं सीपीयूसाठी, मेमरीसाठी की डिस्कसाठी किती वेळ खोळंबली ते वेगवेगळं कळतं. मेमरीचंही तसंच. फ्री रॅम थोडीच दिसते म्हणून घाबरायचं कारण नाही, लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशला वापरतो आणि लागली की सोडतो. अव्हेलेबलचा आकडा बघायचा. व्हीपीएसवर स्टील टाइम (सीपीयू हवा असून मिळाला नाही तो वेळ) वाढला असेल तर दोष बहुधा आपल्या कोडचा नाही, त्याच हार्डवेअरवरचे शेजारी जोरात आहेत. आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात तापमानाचा ग्राफ आधी उघडायचा, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

घरगुती सर्व्हर बंद पडतो तो बहुतेकदा डिस्क भरून. डॉकरचे नेहमीचे जेसन लॉग मर्यादा घातली नाही तर वाढतच जातात. कधी जागा असते पण आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपलेले असतात, लाखो बारीक थंबनेल साठवले की होतं असं. इथे "९० टक्के भरली" हा अलर्ट फारसा कामाचा नाही. ४ टीबीची डिस्क ९० टक्क्यांवर वर्षभर राहू शकते आणि ३२ जीबीचं कार्ड रात्रीत भरतं. प्रॉमिथियसमध्ये प्रेडिक्ट लिनियर फंक्शन आहे, गेल्या काही तासांच्या वेगाने चार दिवसांत डिस्क भरेल का ते विचारता येतं. सोबत स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ५ आणि १९७ नंबरचे आकडे, म्हणजे बदललेले आणि संशयित सेक्टर. शून्यावरून हलले की आधी बॅकअप तपासायचा, मग चहा.

अलर्ट कमीच ठेवावेत. मी सुरुवातीला सीपीयू ८० टक्क्यांवर गेला की मेसेज, असं लावलं होतं, रोज पहाटे तीनला बॅकअप सुरू झाला की फोन वाजायचा, चौथ्या दिवशी तो ग्रुप म्यूट केला आणि महिन्याभराने डिस्क भरल्याचा खरा मेसेज त्याच म्यूट ग्रुपमध्ये पडून राहिला. अट किमान दहा मिनिटं टिकली तरच मेसेज, आणि मेसेज आला की उठून काहीतरी करावं लागेल अशाच गोष्टींना अलर्ट. बाकीचं ग्राफमध्ये राहू दे.

राहिला पहारेकऱ्याचा प्रश्न. मॉनिटरिंग त्याच मशीनवर असेल तर मशीन पडल्याचं सांगणार कोण? गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणाऱ्या पुण्यातल्या घरात तर हे नेहमीचंच, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण राउटर बंद, मग मेसेज बाहेर पडणार कसा? म्हणून अपटाइम कुमासारखं, सर्व्हर चालू आहे का ते तपासत राहणारं, काहीतरी दुसऱ्या जागी हवं, एखाद्या स्वस्त व्हीपीएसवर किंवा मित्राच्या घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर. त्यातही अडचण अशी की आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती फायबर कनेक्शनना स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, बाहेरून घरचा सर्व्हर दिसतच नाही. तिथे उलटं करतात: घरचा सर्व्हरच दर मिनिटाला बाहेर "आहे रे" असा पिंग पाठवतो आणि पाच मिनिटं पिंग आला नाही की बाहेरचा पहारेकरी बोंब मारतो.