तांबड्या पेशीच्या आवरणाला आत-बाहेर असतं का?

रक्तातली तांबडी पेशी जीवशास्त्रज्ञांच्या फार सोयीची. तिला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, आत दुसरे कुठलेही पडदे नाहीत. त्यामुळे तिच्यातून जो मेद निघतो तो बाहेरच्या आवरणाचाच असतो. 1925 मध्ये नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी हा मेद ॲसिटोनने काढला आणि पाण्यावर एकेरी थरात पसरवला. त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. म्हणजे आवरण दुहेरी! (खरं तर सगळा मेद निघाला नव्हता, आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं.)

पण हे दोन थर एकसारखे असतात का? आवरणाची जाडी काही नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दोन गडद रेषा दिसतात, पण कुठल्या रेषेत कोणता रेणू आहे ते कळत नाही. मग शास्त्रज्ञांनी बघण्याचा नाद सोडला आणि आवरणापलीकडे जाऊ न शकणारी रसायनं हाताशी धरली. अखंड पेशीत ज्या रेणूवर त्यांचा परिणाम होतो तो बाहेरचा. पेशी फोडल्यावरच ज्यावर होतो तो आतला.

1970 च्या सुमारास केंब्रिजमध्ये मार्क ब्रेचर यांनी अमिनो गटांना (रेणूतल्या नायट्रोजनवाल्या टोकांना) चिकटणारं किरणोत्सारी रसायन वापरलं. फॉस्फॅटिडिलसेरीन आणि फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमीन या दोन्ही मेदांमध्ये असा गट असतो. अखंड पेशीत त्यांच्यावर खूण जेमतेम उमटली. पेशी फोडून, हिमोग्लोबिन निघून गेल्यावर उरणाऱ्या रिकाम्या आवरणांवर, म्हणजे ‘घोस्ट’वर, ती सहज उमटली.

1973 मध्ये नेदरलँड्समधल्याच उट्रेख्टच्या गटाने वेगळी वाट धरली. त्यांनी मेद तोडणारी एन्झाइमं वापरली: एक स्टॅफिलोकॉकस जिवाणूचं, तर दुसरं आपल्या ओळखीच्या नागाच्या विषातलं. ती दोन्ही मिळून आवरणातले जवळजवळ निम्मे फॉस्फोलिपिड (फॉस्फेट असलेले मेद) तोडतात, तरी पेशी फुटत नाही. निम्मे, म्हणजे एक थर. हिशेब असा लागला: स्फिंगोमायलिन आणि फॉस्फॅटिडिलकोलीन हे मेद मुख्यतः बाहेर, इथॅनोलअमीनवालं बहुतेक आत आणि सेरीनवालं जवळपास सगळंच आत.

यात एक खाच आहे, आणि मला सगळ्यात गंमत तिचीच वाटते. डुकराच्या स्वादुपिंडातलं तसंच एन्झाइम अखंड पेशीचं काहीच वाकडं करू शकत नाही. ते जो मेद तोडतं तो बाहेर नाही म्हणून नव्हे, तर थरातले रेणू इतके दाटीने बसलेले असतात की ते एन्झाइम त्यांच्यात घुसू शकत नाही. ‘तुटलं नाही’ म्हणजे ‘बाहेर नाही’ असं परस्पर ठरवता येत नाही. म्हणून एका पद्धतीवर कुणी विसंबलं नाही.

प्रथिनांसाठी त्यांना तोडणारं ट्रिप्सिन हे एन्झाइम होतं, आणि प्रथिनांवर आयोडीन चिकटवणारं दुधातलं लॅक्टोपेरॉक्सिडेजही होतं. खूण करणारं रसायन आत झिरपलं तर हिमोग्लोबिनवरही खूण उमटायची आणि चोरी पकडली जायची. यातून दिसलं की ग्लायकोफोरिन या प्रथिनाची साखर लागलेली बाजू बाहेर आणि शेपूट आत असते. क्लोराइड-बायकार्बोनेटची अदलाबदल करणारं ‘बँड 3’ हे प्रथिन आरपार बसलेलं असतं, तर स्पेक्ट्रिन या प्रथिनाचं जाळं फक्त आतून असतं. थिओडोर स्टेक आणि सहकाऱ्यांनी तर 1970 मध्ये उशीचा अभ्रा उलटावा तशा आवरणाच्या उलट्या पिशव्या तयार केल्या. मग आतली बाजू थेट तपासता येऊ लागली.

मेद आणि प्रथिनं यांत मोठा फरक आहे. या आवरणात एका जातीच्या प्रथिनाचे सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून बसतात. मेदाचं मात्र दोन थरांत बहुधा कमी-जास्त प्रमाण असतं, आणि ते टिकवायला ऊर्जा लागते. बाहेर आलेलं फॉस्फॅटिडिलसेरीन एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून परत आत ओढलं जातं, हे 1984 मध्ये फ्रान्समध्ये दिसून आलं. हे काम ढिलं पडलं की सेरीनवाला मेद बाहेर डोकावतो. मग भक्षक पेशी त्या पेशीला गिळू शकतात, आणि रक्त गोठण्यालाही चालना मिळते. विदर्भात बऱ्याच प्रमाणात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात काही तांबड्या पेशींचं असंच होतं. आता हे तपासायला नागाचं विष लागत नाही: ॲनेक्सिन-5 हे प्रथिन कॅल्शियमच्या साथीने या मेदाला चिकटतं. त्याला चमकणारा रंग जोडला की अशा पेशी किती आहेत ते यंत्र मोजून देतं.