परवाना बदललेल्या सॉफ्टवेअरचे पॅकेज डेबियनमध्ये: पात्रता, कागदपत्रे आणि अडण्याच्या जागा

इंदूरमधल्या आमच्या लिनक्स गटातली मुले डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज (स्थापनेसाठी बांधून तयार केलेले सॉफ्टवेअर) तयार करतात आणि ते नाकारले जाऊन परत आले की हिरमुसून माझ्याकडे येतात. मूळ सॉफ्टवेअरने मध्येच परवाना बदलला असेल, तर नकाराची कारणे जवळजवळ ठरलेली असतात.

पात्रता डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर मार्गदर्शक तत्त्वांवरून ठरते. नुसता कोड वाचता येणे पुरेसे नाही. वापर कोणत्याही कामासाठी खुला असावा लागतो, त्यामुळे ‘आमच्याशी स्पर्धा करणारी सेवा चालवू नये’ ही अट तेथेच अडते. मग काही जण कंपनीकडून ‘डेबियनला परवानगी आहे’ असा ईमेल मिळवून मोठ्या आशेने जोडतात. तो निरुपयोगी आहे, कारण आठव्या कलमानुसार परवान्यातले हक्क डेबियनपुरते असून चालत नाहीत. वितरणास मुभा असलेले असे पॅकेज फार तर नॉन-फ्री विभागात जाते, आणि तो विभाग डेबियनचा भाग मानला जात नाही.

सर्वाधिक गोंधळ तारखेचा होतो. रेडिस या डेटाबेस सॉफ्टवेअरने 20 मार्च 2024 रोजी परवानाबदल जाहीर केला, म्हणून त्यानंतरचे सगळे बाद, असे एका मुलाने धरले होते. प्रत्यक्षात बदल 7.4 या आवृत्तीपासून लागू झाला. मे 2024 मध्ये आलेली 7.2.5 बीएसडी या जुन्या, मुक्त परवान्याखालीच होती. पुढे मे 2025 मध्ये रेडिस 8 ला एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय मिळाला आणि ती पुन्हा पात्र ठरली. तेव्हा दिनदर्शिका बाजूला ठेवून त्या आवृत्तीतली परवान्याची फाइल उघडावी. टेराफॉर्म या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या साधनाने 2023 मध्ये घेतलेल्या बिझनेस सोर्स परवान्यात चार वर्षांनी कोड मुक्त होतो, पण ही मुदतही प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्रपणे लागते. 2027 उजाडताच सगळे मुक्त होईल, हा भ्रम आहे.

कागदपत्रांत खरी परीक्षा कोडचे मालक आणि परवाने नोंदवणाऱ्या ‘डेबियन/कॉपीराइट’ या फाइलची. त्याच मुलाने तीत मुख्य परवाना तेवढा लिहिला होता. रेडिसचे ‘डेप्स’ फोल्डर उघडून दाखवले तेव्हा आत लुआ, जेमॅलॉक, हायरेडिस असे परके कोड स्वतःच्या मालकांसह आणि परवान्यांसह बसलेले निघाले. प्रत्येकाची नोंद हवी. ‘लायसन्सचेक’ हे साधन मदत करते, पण त्याच्या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

बाकी प्रक्रिया सरळ आहे: रिपोर्टबग या साधनाने पॅकेज करण्याचा मानस नोंदवावा, डेबियनच्या मेंटॉर्स या संकेतस्थळावर पॅकेज चढवावे, ते आपल्या वतीने डेबियनमध्ये चढवणारा प्रायोजक शोधावा.

रेडिसपासून फुटलेल्या वाल्कीसारखी नव्या नावाची शाखा प्रथम येते तेव्हा तिला नव्या पॅकेजांच्या ‘न्यू’ या रांगेत उभे राहावे लागते, मूळ पॅकेज कितीही जुने असो. तेथे स्वयंसेवक परवाने तपासतात आणि निकालाची तारीख कोणी देत नाही. रोज ईमेल करून विचारू नये. तोवर मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आलीच, तर तिच्यातले परवाने पुन्हा तपासून घ्यावेत.